जुना आयफोन घेताय? आधी आयओएस समजून घ्या

बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, नवा फोन घ्यायची वेळ आली की घरात वाद ठरलेला: आयफोन की अँड्रॉइड? नवा परवडत नाही म्हणून वापरलेला आयफोन घेणारेही बरेच. कॅमेरा, बॅटरी सगळे बघतात. आतली प्रणाली, म्हणजे आयओएस, काय देते आणि काय अडवते, हे मात्र बघायचं राहून जातं.

एकाच हाती कारभार

गूगलचं अँड्रॉइड सॅमसंग, शाओमी, विवो अशा अनेक कंपन्यांच्या फोनवर चालतं. आयओएस फक्त आयफोनवर. फोन, प्रणाली आणि ॲपचं दुकान, तिन्ही ॲपलच्याच ताब्यात. फायदे-तोटे दोन्ही इथूनच येतात.

जमेच्या बाजू

अपडेट थेट ॲपलकडून येतं आणि बरीच वर्षं येत राहतं. 2018 च्या आयफोन एक्सआरला 2024 चं आयओएस 18 मिळालं. दुकानात येण्याआधी ॲपची तपासणी होते. लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल इथे चालतच नाही. अर्थात ओटीपी आपणच सांगितला तर कोणताही फोन वाचवणार नाही!

उण्या बाजू

भारतात ॲपलच्या दुकानाबाहेरून ॲप घेता येत नाही. युरोपीय संघात कायद्याच्या रेट्यामुळे 2024 पासून ती मुभा आहे. मेमरी कार्डाची सोय नाही. आयक्लाउडवर फुकट जागा 5 जीबी, पुढे दरमहा पैसे.

भाषेचंही तेच. अँड्रॉइडमध्ये मराठी मेनू 2014 मध्ये आला. आयफोनला त्या वर्षी फक्त मराठी कीबोर्ड मिळाला. अख्खा फोन मराठीत दिसायला मार्च 2025 अखेरचं आयओएस 18.4 उजाडावं लागलं. कन्नड, गुजराती, तेलुगूही तेव्हाच आल्या. मालक एकच असला की त्याच्या मनात येईपर्यंत थांबावं लागतं, ते असं.

घेताना काय बघाल?

2025 चं आयओएस 26 आयफोन 11 आणि त्यापुढच्या मॉडेलनाच मिळतं. एक्सआर त्यात नाही. आधीच्या मालकाने आपलं ॲपल खातं फोनवरून काढलंय ना, हे पैसे देण्याआधी समोर बसून तपासा. नाहीतर फोन कुलूपबंदच राहील. आणि आई-आजींसाठी घेत असाल, तर सेटिंग्जमध्ये जनरल, मग लँग्वेज अँड रीजन उघडून मराठी लावूनच त्यांच्या हाती द्या.