रद्दीची टोपली

बाजारच्या दिवशी वर्तमानपत्राच्या कागदावर गरम भजी घेऊन खाण्याचा प्रसंग कोणावर आला नाही? भज्यांच्या पाठीवर उमटलेली उलटी अक्षरे आम्ही स्वतः पाहिली आहेत, आणि खरे सांगावयाचे तर ती भजी खाल्लीही आहेत. ऊन तेलाने छपाईची शाई सुटते व तिच्यातील रसायने अन्नात उतरतात. म्हणूनच भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये याविषयी इशारा दिला, आणि २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधणे निषिद्ध ठरविले. घरच्या भाकरीलाही हाच न्याय लावावा. तिला धुतलेले फडके पुरे.

मग घरातील रद्दीचे करावे काय? चांगली रद्दी विकावी. तिचा पुन्हा कागद होतो. फाटकी-तुटकी उरेल तिच्यापासून आपल्या आज्या करीत तशी टोपली करावी. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या आखूड तंतूंचा, म्हणून तो पाण्यात लवकर विरतो. गुळगुळीत रंगीत पाने मात्र वगळावीत. कागदाचे बारीक तुकडे तीन-चार दिवस भिजत घालावेत, पाणी रोज बदलावे, मग लगदा कुटून घट्ट पिळावा. कुटण्यासाठी चटणीचा पाटा-वरवंटा घेऊ नये, एखादा टाकाऊ दगड घ्यावा. भिजवून वाटलेली मेथी त्यात कालवावी. तिच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो, आणि तिचा कडूपणा किडीला आवडत नाही असे जुन्या बायका सांगत. पालथ्या मडक्याला तेलाचा हात लावून त्यावर लगदा बोटभर जाडीने थापावा, व चांगला वाळल्यावर अलगद सोडवावा.

हे काम पावसाळा सरल्यावरच करावे. आम्ही उतावीळपणे श्रावणात एक टोपली थापली. आठ दिवसांत तिच्यावर हिरवी बुरशी चढली आणि ती उकिरड्यावर गेली. मार्गशीर्षातील दुसरी मात्र कडक उन्हात खडखडीत वाळली.

पूर्वी अशा टोपल्यांत धान्यही भरीत. येथे आम्ही आज्यांशी सहमत नाही; लगदा झाला तरी शाई कागदातच राहते. धान्याला पत्र्याचा डबा बरा. आमच्या टोपलीत सुईदोरा, बटणे आणि झग्याला लावावयाची ठिगळे असतात.