टोचल्याचे भोक बुजत का नाही?

भाजी चिरताना बोट कापले, तर आठ-दहा दिवसांत जखम भरून येते. थोड्या दिवसांनी तिची खूणही शोधावी लागते. पण बारशाच्या सुमारास सोनाराने टोचलेले कानाचे भोक ऐंशी वर्षांच्या आजीबाईंच्या कानातही तसेच उघडे असते. दोन्ही जखमाच! मग एक बुजते आणि दुसरी बुजत नाही, असे का?

आपल्याकडे पूर्वी कान आणि नाक एवढेच टोचले जाई. आता शहरांतून भुवई, जीभ आणि ओठ टोचून घेण्याची हौसही दिसू लागली आहे. काही मुले-मुली तर घरच्या घरी सेफ्टी पिन घेऊन हा उद्योग करतात. ओठ टोचल्यावर किती दुखते, त्यात धोका कोणता, नंतर निगा कशी राखायची, हे प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात. पण या सर्वांची उत्तरे आपल्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच दडलेली आहेत.

अकरा हजार वर्षांची हौस

शरीराला भोक पाडून दागिना घालण्याची हौस फार जुनी आहे. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात बोंजुक्लू तार्ला नावाचे प्राचीन वस्तीचे ठिकाण आहे. तेथील सुमारे ११,००० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांच्या कानांजवळ आणि हनुवटीजवळ दगडाचे छोटे दागिने सापडले. त्याविषयीचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हनुवटीजवळचे दागिने खालच्या ओठातलेच होते कशावरून? त्या माणसांच्या खालच्या पुढच्या दातांवर दागिना घासून पडलेल्या झिजेच्या खुणा होत्या. ही खूण ध्यानात ठेवा. पुढे तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक सरदार खालच्या ओठात सोन्याचे आणि स्फटिकाचे दागिने घालत. इथिओपियातील मुर्सी जमातीच्या स्त्रिया खालच्या ओठात मातीची चकती घालतात. आपल्या सुश्रुतसंहितेत कान टोचण्याच्या विधीवर स्वतंत्र विवेचन आहे. कानाची पाळी ओढून धरावी, ऊन जिथून आरपार दिसते अशा पातळ जागी टोचावे, भोकात तेलात भिजवलेली कापसाची वात घालावी आणि दर तीन दिवसांनी ती अधिक जाड करावी, असे त्यात सांगितले आहे. नुसते टोचून भागत नाही, भोकात काहीतरी ठेवावे लागते, हे त्या काळच्या वैद्यांना पक्के ठाऊक होते. का ठेवावे लागते, ते आता पाहू.

भोक नव्हे, नळी!

त्वचेच्या वरच्या थरातील पेशी एकमेकींना चिकटून असतात. जखम झाली की तिच्या काठावरील पेशींचा एका बाजूचा शेजार नाहीसा होतो. मग या पेशी त्या मोकळ्या बाजूकडे सरपटू लागतात आणि त्यांची संख्याही वाढते. समोरच्या काठाकडून आलेल्या पेशी भेटल्या, की त्या थांबतात. जखमेवर झाकण बसते.

टोचलेल्या भोकात मात्र मध्येच धातूची काडी असते. पेशींना तिच्यातून पलीकडे जाता येत नाही. म्हणून त्या भोकाच्या भिंतीवरून आत सरपटत जातात. बाहेरच्या तोंडाकडून काही निघतात, आतल्या तोंडाकडून काही निघतात. भोकाच्या मधोमध त्यांची भेट होते आणि त्या थांबतात. आता भोकाच्या भिंतीला आतून त्वचेचे अस्तर लागलेले असते. उघडी जखम कुठे उरलेलीच नाही, तर शरीराने बुजवायचे तरी काय? आजीबाईंच्या कानात आहे ती जखम नव्हे, ती त्वचेची एक बारीकशी नळी आहे!

हे काम व्हायला वेळ लागतो. कानाच्या पाळीला आणि ओठाला साधारण सहा ते आठ आठवडे, तर कानाच्या वरच्या कडक भागाला सहा महिने ते वर्षही लागते. त्या भागात कूर्चा असते आणि कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. अस्तर तोंडाकडून आत तयार होत जाते, त्यामुळे बाहेरून सारे ठीक दिसले, तरी मधला भाग कच्चाच असू शकतो. अशा वेळी दागिना काढला, तर भोक काही तासांतही आकसते.

ओठ इतका का दुखतो?

ओठ हा शरीरातील अत्यंत संवेदनशील भागांपैकी एक आहे. याचा पडताळा तुम्हाला सहज घेता येईल.

*करून पाहा:* गुळगुळीत टोकांची केसांची पिन वाकवून तिच्या दोन टोकांत १ सेंटिमीटर अंतर ठेवा. पिन साबणाने धुऊन घ्या आणि प्रत्येकाने आपापली पिन वापरा. मित्राला डोळे मिटायला सांगून दोन्ही टोके एकाच वेळी त्याच्या ओठावर अलगद टेकवा. त्याला दोन टोके जाणवतील. तीच टोके पाठीवर टेकवा. आता त्याला बहुधा एकच टोक जाणवेल. ओठावर संवेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंची दाटी किती आहे, ते यावरून समजते.

वेदनेची वार्ता मेंदूकडे दोन प्रकारचे तंतू नेतात. जलद तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने 'टोचले!' असा तीक्ष्ण निरोप देतात. मंद तंतू सेकंदाला २ मीटरहूनही कमी वेगाने जातात आणि मागाहून ठणका जाणवतो. सुई आरपार जायला क्षणभर लागतो, म्हणून तीक्ष्ण वेदना लवकर सरते. ठणका आणि सूज मात्र तीन ते पाच दिवस राहतात. ही सूज म्हणजे जखमेकडे रक्तातील द्रव आणि पांढऱ्या पेशी धावून आल्याची खूण असते. ओठ फार सुजतो, म्हणून सुरुवातीला मुद्दाम लांब काडी घालतात. आखूड काडी सुजेत रुतून बसते. सूज उतरल्यावर मात्र ती लांब काडी बदलून आखूड घालून घ्यावी लागते, नाहीतर ती दातांवर आपटत राहते.

सुई आणि धातू

नळी तयार होईपर्यंत हे भोक म्हणजे जंतूंना उघडे दार असते. एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला वापरली, तर कावीळ ब, कावीळ क आणि एड्स यांचे विषाणू रक्तातून पसरू शकतात. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. सुई ज्योतीवर धरली किंवा स्पिरिटने पुसली की काम झाले, ही समजूत खोटी आहे. दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सिअसला निदान १५ मिनिटे ठेवल्यावरच उपकरणे निर्जंतुक झाली असे मानतात. टोचण्याची प्लॅस्टिकची 'गन' या उष्णतेला टिकत नाही. शिवाय ती बोथट दागिना जोराने घुसवते, त्यामुळे आजूबाजूचा भाग चेंगरतो. म्हणून आपल्यासमोर पाकिटातून काढलेली नवी सुई आणि टोचणाऱ्याच्या हातात नवे मोजे, एवढे तरी पाहावेच. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे की नाही, तेही तपासावे.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात २००० साली घडलेली हकिकत बोलकी आहे. एका दुकानात कानाचा वरचा भाग टोचून घेतलेल्या अनेकांची कूर्चा पिकली. तपासात आढळले, की जंतुनाशक म्हणून जे द्रावण फवारले जात होते, त्याच्या बाटलीतच जंतू वाढले होते!

धातूचेही तसेच. स्वस्त दागिन्यांत मुलाम्याखाली निकेल असते. ओल्या जखमेत त्याचे कण विरघळतात आणि काहींच्या शरीराला त्याचे वावडे निर्माण होते. एकदा जडलेले हे वावडे बहुधा जन्मभर राहते. पुढे घड्याळाच्या पट्ट्यानेही खाज सुटते. पहिल्या दागिन्यासाठी वैद्यकीय दर्जाचे टायटेनियम उत्तम.

निगा कशी राखावी?

नळीचे अस्तर कोवळे असते, हे ध्यानात ठेवले की नियम पाठ करावे लागत नाहीत. दागिना उगाच फिरवू नये, कारण अस्तर फाटते. हात साबणाने धुतल्याशिवाय त्याला स्पर्श करू नये. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ०.९ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याने दिवसातून दोनदा भोक बाहेरून धुवावे. मिठाचे हे प्रमाण आपल्या रक्तातील द्रवाशी जुळते. मीठ जास्त झाले, तर पेशींतील पाणी बाहेर ओढले जाऊन त्या सुकतात. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा स्पिरिट लावू नये, कारण ती जंतूंबरोबर कोवळ्या पेशीही मारतात. भोकाभोवती पांढुरकी खपली धरते. तो पू नसून वाळलेला द्रव असतो. ती नखाने काढू नये.

ओठाची दुसरी बाजू तोंडात असते. लाळेतील काही द्रव्ये जखम भरायला मदत करतात, पण एक मिलिलीटर लाळेत सुमारे दहा कोटी जंतूही असतात. म्हणून खाल्ल्यानंतर प्रत्येक वेळी स्वच्छ पाण्याने चूळ भरावी. दुसऱ्याच्या पेल्याने पाणी पिऊ नये. तंबाखू आणि सुपारी तर मुळीच नको.

लाली पसरू लागली, हिरवट-पिवळा पू आला, ताप भरला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. दागिना आपण होऊन काढू नये. भोकाची तोंडे मिटतात आणि पू आत कोंडतो. वरच्या ओठावरचा पू पिळण्याचे धाडस करू नये. तेथील शिरांचा मेंदूजवळील शिरांशी संबंध असतो.

जे परत येत नाही

आता ती अकरा हजार वर्षांपूर्वीची खूण आठवा. बोलताना, जेवताना ओठातला धातू हिरडीवर आणि दातांवर दिवसभर घासत राहतो. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष २०१६ मध्ये एकत्र तपासले गेले. त्यात ओठ टोचलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांपर्यंत हिरड्या मागे सरलेल्या आढळल्या, तर सुमारे चौथ्या हिश्श्याच्या दातांना इजा झालेली दिसली. कातडी पुन्हा वाढते, कारण तिच्या पेशी जिवंत असतात. दातावरचे इनॅमल बनवणाऱ्या पेशी मात्र दात उगवतानाच नाहीशा होतात. मागे सरलेली हिरडीही आपोआप पूर्ववत होत नाही.

ओठातला दागिना काढून टाकला, तर भोक आकसून त्या जागी छोटासा खळगा उरेल. झिजलेला दात मात्र झिजलेलाच राहील. तेव्हा ओठ टोचून घ्यावा की नाही, हे घरच्या मोठ्यांशी आणि दंतवैद्यांशी बोलून सावकाश ठरवा. सेफ्टी पिन मात्र तिच्या डबीतच राहू द्या.