काकांबरोबर परदेशी निघालात?

बालमित्रांनो, काकांबरोबर एसटीने खंडाळ्याहून पुण्याला जाताना तुम्हाला कुणी अडवत नाही. पण दुबईला निघालात तर? आडनाव एक असलं तरी विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो, "आईबाबांची परवानगी कुठंय?" मुलं पळवणारेही 'मी काकाच' म्हणतात की! म्हणून आईबाबांनी दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र नोटरी करून द्यावं. त्यात काकांचं नाव, पासपोर्ट क्रमांक, मुक्कामाचा पत्ता, उपचारांची परवानगी हवी. जोडीला जन्मदाखल्याची प्रत. आणि पालकहो, परतीची तारीख स्पष्ट लिहा. मुलांना मायदेशी परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. कुणी मूल तिकडेच ठेवून घेतलं, तर तिथल्या कोर्टात झगडताना हा कागद पुरावा म्हणून दाखवता येतो.