वेस्ट इंडिज नावाचा देश नकाशावर नाही

१९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या कलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणंच रचलं. आपल्याकडच्या कित्येक घरांची कॅरिबियनशी ओळख झाली ती अशी, क्रिकेटमधून. ओळख प्रेमाची खरी, पण तिच्यातून काही समजुती डोक्यात घट्ट बसल्या.

सगळ्यात मोठी समजूत म्हणजे वेस्ट इंडिज हा देश आहे. तो नाही. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद-टोबॅगो, अँटिग्वा असे वेगवेगळे देश मिळून तो संघ उतरवतात. त्यातला गयाना तर बेटही नाही, दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे. या भागातल्या ब्रिटिश वसाहतींचा एक देश करायचा प्रयत्न मात्र झाला होता. १९५८ मध्ये दहा प्रांतांचं संघराज्य स्थापन झालं, १९६१ च्या सार्वमतात जमैकाने अंग काढून घेतलं आणि १९६२ मध्ये सगळा डाव मोडला. राहिला तो क्रिकेटचा संघ. सामन्याआधी त्यांच्यासाठी राष्ट्रगीत वाजत नाही, कारण राष्ट्रच नाही. वाजतं ते डेव्हिड रडर या कलिप्सो गायकाचं गाणं.

क्रिकेटमुळेच आपण धरून चालतो की तिकडे सगळे इंग्रजी बोलतात आणि रेगे गातात. प्रत्यक्षात कॅरिबियनमध्ये इंग्रजीवाले अल्पसंख्य आहेत. क्युबा, डॉमिनिकन रिपब्लिक आणि पोर्तो रिकोत स्पॅनिश, हैतीत क्रिओल. मार्टिनिक आणि ग्वादलुप आजही फ्रान्सचाच भाग असल्यामुळे तिथे भाजी घ्यायची तर युरो मोजावे लागतात. रेगे जमैकाचं, कलिप्सो त्रिनिदादचं, मेरेंगे डॉमिनिकन लोकांचं. एकाचं दुसऱ्याच्या नावावर खपवलं तर तिथली माणसं लगेच टोकतात, आणि टोकायलाच हवं.

कोलंबस आला आणि मूळ रहिवासी नामशेष झाले, हे तर पाठ्यपुस्तकी वाक्य. संहार भयंकर झाला, यात शंका नाही. रोगराई, सक्तमजुरी आणि कत्तलींनी ताइनो या मूळ रहिवाशांची गावंच्या गावं संपली. पण ‘नामशेष’ म्हटलं की जे उरले त्यांच्यावरही काट मारली जाते. डॉमिनिका बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कालिनागो या मूळ रहिवाशांचा स्वतःचा प्रदेश आहे, तो १९०३ मध्ये त्यांच्यासाठी राखला गेला. २०२३ मध्ये सिल्व्हनी बर्टन या कालिनागो बाई त्या देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या.

गुलामगिरी इंग्रजांनी दयाबुद्धीने बंद केली, ही समजूत मला सगळ्यात जास्त खुपते. हैतीतल्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला, नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र देश जाहीर केला. जमैकात १८३१ च्या नाताळात सॅम शार्प यांच्या पुढाकाराने हजारो गुलाम उठले. शार्प फासावर गेले. त्यानंतर १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला, आणि दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती गुलामांच्या मालकांना. गुलामांच्या हाती छदामही पडला नाही. हैतीचं तर आणखी अजब. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्या देशाकडूनच भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक कबूल करून घेतले. पुढे ती रक्कम ९ कोटींवर आली. ती फेडायला काढलेल्या कर्जांचा हिशेब १९४७ पर्यंत मिटला नाही. हैती गरीब का, असं विचारणाऱ्याने आधी हा हिशेब पाहावा.

मळ्यांवरचे गुलाम मुक्त झाल्यावर ऊस तोडायला माणसं कुठून आणायची? भारतातून. त्रिनिदादचे भारतीय व्यापारउदीम करायला गेले असं अनेकांना वाटतं, पण ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून उतरलेली माणसं करारावर बांधलेले मजूर होती. परवान्याशिवाय मळा सोडला तर तुरुंग. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार जण असे गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे, कलकत्त्याहून चढलेले, थोडे मद्रासहून. आपल्याकडचे करारबद्ध मजूर मुंबईहून मॉरिशसला गेले, त्यामुळे त्रिनिदादमध्ये मराठी आडनावं शोधत बसण्यात अर्थ नाही.

नावं नसली तरी ताशा ओळखीचा निघेल. तिथला मोहरम म्हणजे होसे. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात बांबू-कागदाचे उंच ताबूत निघतात आणि शेवटी समुद्रात सोडले जातात. कडकडणारे ताशे, सोबत मोठा ढोल आणि झांजा. ताशाचं कातडं सैल पडलं की वाजवणारे रस्त्याकडेलाच जाळ करून त्यावर ते तापवतात. हा निव्वळ मुसलमानांचा सण, असं समजू नये. सांगलीकडच्या कडेगावात हिंदू-मुसलमान मिळून काढतात ते ताबूत पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. १८८४ मध्ये इंग्रजांनी मिरवणुका सॅन फर्नांडो शहरात आणायला बंदी केली. मजूर तरीही आले, पोलिसांनी गोळीबार केला, किमान १६ जण मेले. त्या मिरवणुकांत हिंदू मजूरही मोठ्या संख्येने होते.

त्याच १८८४ साली कार्निव्हलमधल्या आफ्रिकी ढोलांवरही कायद्याने बंदी आली. आणि इथे शेवटचा गैरसमज निघतो: स्टीलपॅन हे आफ्रिकेतून आलेलं प्राचीन वाद्य आहे, हा. ते विसाव्या शतकात, त्रिनिदादमध्येच जन्मलं. ढोल गेले तेव्हा पोरांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे आले, मग तेलाची पिंपं. पिंपाचा तळ घणाने ठोकून वाडग्यासारखा खोल करायचा, प्रत्येक सुराची जागा आखून पंचने खाचा पाडायच्या, पत्रा आगीवर तापवायचा, मग लहान हातोडीने एकेक सूर लावत बसायचं. ही पोरं तेव्हा गुंड गणली जात. भल्या घरची मुलं पॅनच्या वाऱ्यालाही उभी राहत नसत. १९५१ मध्ये निवडक वादकांचा ताफा लंडनच्या महोत्सवात वाजवून आला आणि हळूहळू सूर बदलला. आता कार्निव्हलच्या आधीचे काही आठवडे रात्री उघड्या आवारांत, म्हणजे पॅनयार्डांत, मोठ्या बँडचा सराव चालतो. शंभराच्या आसपास वादक सात-आठ मिनिटांची गुंतागुंतीची रचना बसवतात, आणि त्यांतले बरेचसे समोर नोटेशन न ठेवता, कानाने ऐकून पाठ करतात.