रनरवरचे यंत्रमानव

जपानच्या बांदाई कंपनीने जुलै १९८० मध्ये ‘गंडाम’ या यंत्रमानवाचे पहिले प्लास्टिक किट बाजारात आणले. किंमत ३०० येन, प्रमाण १:१४४. हा यंत्रमानव ज्या मालिकेतला, ती ‘मोबाइल सूट गंडाम’ ७ एप्रिल १९७९ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली होती. दिग्दर्शन योशियुकी तोमिनो यांचे, यंत्रांची आरेखने कुनिओ ओकावारा यांची. प्रेक्षक मिळेनात म्हणून ५२ भागांची मालिका ४३ भागांत आवरती घेतली गेली. प्रायोजक असलेली क्लोव्हर कंपनी लहान मुलांसाठी खेळणी काढत होती आणि मालिका मात्र युद्धाने पिचलेल्या माणसांची गोष्ट सांगत होती. पुनःप्रक्षेपणात ती जरा मोठ्या मुलांच्या मनात भरली. या मुलांना खेळण्यापेक्षा प्रतिकृती हवी होती. गोष्टीतला गंडाम १८ मीटर उंच, म्हणजे १:१४४ प्रमाणात साडेबारा सेंटिमीटर. खऱ्या विमानांच्या किटना लागू असलेला हिशेब कधीच अस्तित्वात नसलेल्या यंत्राला लावला गेला, आणि त्यातून ७० कोटींहून अधिक किट विकणारा धंदा उभा राहिला.

मोठी वस्तू प्रमाणात लहान करून पुन्हा घडवण्याची हौस अंबरनाथच्या परिसराला परकी नाही. तिथल्या मोरिवली भागापासून फार दूर नसलेल्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. या भूमिज पद्धतीच्या देवळाच्या शिखरावर शिखराच्याच छोट्या प्रतिकृती ओळीने वर चढत जातात. घरोघरच्या पोरांनी दिवाळीत मातीचे किल्ले करायचे, ही तर महाराष्ट्राची वार्षिक सवयच.

जपानमध्ये किट जोडण्याच्या छंदाकडे मोठेपणी परतणारा माणूस बहुधा १९८० च्या दशकातला शाळकरी मुलगा असतो. नोकरी, लग्न, मुले यांत वीसेक वर्षे गेल्यावर तो पुन्हा खोका उघडतो. महाराष्ट्रात परतण्याचा अर्थ थोडा वेगळा आहे. दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ पाहिलेल्या पिढीच्या हाती यंत्रमानवाचे किट कधी आलेच नव्हते. तिच्याकडे होते ते ‘मेकॅनिक्स’चे नट-बोल्ट, एनसीसीच्या हवाई शाखेतली बाल्सा लाकडाची विमाने आणि गणपतीची आरास. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत पहिले गंडाम किट घेणारा मराठी माणूस परततो तो त्या खेळण्याकडे नव्हे, तर हाताने काही जोडत बसण्याच्या सवयीकडे. पुढची पिढी केबलवरची जपानी कार्टून पाहून वाढली. तिला पात्रे ठाऊक होती, किट मात्र कमावते झाल्यावरच परवडले.

मधल्या काळात किट पार बदलले. १९८० चे किट जवळपास एकाच रंगाच्या प्लास्टिकचे असे. भाग सिमेंटने, म्हणजे प्लास्टिकच्या गोंदाने, चिकटवायचे, सांधा पुटीने भरून घासायचा, मग रंगवायचे. १९९० च्या ‘हाय ग्रेड’पर्यंत रंग प्लास्टिकमध्येच आला आणि सिमेंटची गरज संपली. भाग एकमेकांत दाबून बसू लागले. १९९५ मध्ये १:१०० चा ‘मास्टर ग्रेड’ आला, १९९८ मध्ये १:६० चा ‘परफेक्ट ग्रेड’. २०१० च्या ‘रिअल ग्रेड’ने मोठ्या किटमधले बारकावे साडेबारा सेंटिमीटरच्या आकृतीत बसवले. जुन्या हातांना याची थोडी चुटपुट लागते. नुसते जोडूनही किट इतके नीटस दिसते की आपण नेमके केले काय, असे वाटते. ही तक्रार अगदीच खोटी नाही. मात्र कसब नाहीसे झालेले नाही. त्यातला मोठा वाटा जोडणाऱ्याच्या हातून साचा कोरणाऱ्या डायमेकरच्या हाती गेला आहे.

आणि डायमेकर म्हणजे कोण, हे अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मोरिवलीची औद्योगिक वसाहत रसायनांसाठी ओळखली जाते, पण अंबरनाथमध्येच आयुधनिर्माणी आहे, यंत्रांचे आद्य नमुने घडवण्यासाठी उभारलेला मशीन टूल प्रोटोटाइप कारखानाही आहे. टूलरूम, डाय, दाणा, गेट, फ्लॅश हे शब्द इथल्या अनेक घरांत जेवताना कानावर पडलेले असतात. गंडामचे किट याच भाषेत वाचता येते. पॉलिस्टायरीनचा दाणा दोनशे अंशांच्या वर वितळवून दाबाने पोलादी साच्यात सोडतात. तो ज्या वाटांनी भागांपर्यंत पोहोचतो त्या वाटाच थंड होऊन रनरची चौकट बनतात, आणि भाग जिथे रनरला जोडलेला राहतो तो गेट. थंड होताना पॉलिस्टायरीन साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसते. खुंटी आणि भोक एकमेकांत घट्ट बसावे, पण फुटू नये, यासाठी हे आकसणे साचा कोरतानाच हिशेबात धरावे लागते. जाड भागावर खड्डा दिसला तर तो सिंक मार्क, आतल्या बाजूला गोल ठसा दिसला तर तो भाग साच्याबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचा. शिझुओकातल्या बांदाईच्या कारखान्यात एकाच रनरवर चार रंगांचे भाग काढणारी यंत्रे आहेत. त्यांच्या मापाचे काम फार थोड्यांना जमले आहे. शिझुओका मुळात लाकूडकामाचे शहर. तिथली तामिया कंपनीही १९४६ मध्ये लाकडाच्या व्यापारातून सुरू झाली आणि १९६० मध्ये प्लास्टिक किटकडे वळली.

कारखान्यात गेट तोडणे हे कंटाळवाणे काम, छंदात मात्र तेच पहिले कौशल्य. भाग निपरने दोनदा कापायचा: आधी लांबून, रनरपासून सोडवण्यासाठी, मग उरलेला खुंट भागालगत. एकाच दणक्यात कापला तर प्लास्टिकवर ताण येऊन पांढरा डाग पडतो आणि गडद रंगावर तो लपत नाही. त्यानंतर पाते किंवा कानस, मग ४०० पासून १००० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर. फटींच्या रेषांत काळी किंवा करडी शाई सोडण्याच्या कामाला पेणच्या गणपतीच्या डोळ्यांच्या आखणीसारखाच स्थिर हात लागतो. इथेच एक धोका आहे. इनॅमल रंगाचा थिनर ताणाखालच्या सांध्यात, विशेषतः एबीएस प्लास्टिकमध्ये मुरला तर भाग तडकतो. म्हणून जाणकार जोडणी सोडवून, सुटा भाग हातात घेऊन रेषा भरतात.

शेवटचा हात मॅट क्लिअरचा. प्लास्टिकची खेळण्यासारखी चमक त्याने जाते, आणि बाकी काही न रंगवता एवढे एकच काम केले तरी किटचे रूप बदलते. बदलापूरच्या पावसाळ्यात मात्र स्प्रे हातात घेऊ नये. दमट हवेत थर वाळताना पांढुरका पडतो. जूनमध्ये जोडलेले किट दसऱ्यानंतर फवारणे शहाणपणाचे. दोन खोल्यांच्या घरात वाफेचाही प्रश्न असतोच. गॅलरी, मास्क आणि घरच्यांची संमती, तिन्ही लागतात.

खर्चाचे गणित भारतात सोपे नाही. सीमाशुल्काच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांच्याच गटात मोडतात. त्या गटावरचे मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे. देशी खेळणी उद्योगाला आधार देणे हा हेतू समजण्यासारखा आहे. पण या दर्जाचे किट देशात कुणी बनवत नसल्याने छंदी माणसाच्या वाट्याला फक्त भाववाढ आली. स्वस्त चिनी नकला त्या फटीतून शिरल्या. साचा मूळ किटवरून उचललेला असल्याने त्यांच्या खुंट्या कधी सैल, कधी इतक्या घट्ट की पक्कड वापरावी लागते. परतणाऱ्याने सुरुवात सोप्या ‘एंट्री ग्रेड’ किंवा १:१४४ च्या ‘हाय ग्रेड’ने करावी. पहिल्याच झपाट्यात ‘परफेक्ट ग्रेड’ घेणाऱ्यांची खोकी पुष्कळदा माळ्यावरच राहतात.

किट पूर्ण झाल्यावर रनर उरतात. बांदाईने २०२१ मध्ये जपानात ते गोळा करून पुन्हा वापरण्याचा उपक्रम सुरू केला. भारतात अशी सोय नाही, पण रनर लगेच भंगारात घालण्याचे कारणही नाही. त्याचे तुकडे पॉलिस्टायरीनच्या सिमेंटमध्ये विरघळवले की त्याच रंगाची पुटी मिळते. सांधा भरायला तिच्याइतकी जुळणारी दुसरी नाही. आणि रनरचा तुकडा मेणबत्तीच्या आचेवर, ज्योत न लागू देता मऊ करून दोन्ही टोकांनी ओढला, की केसाइतकी बारीक तार निघते. यंत्रमानवाच्या डोक्यावरचा अँटेना तुटला तर ती कामी येते.