शेगडीची ठिणगी पडेना, तेव्हा

मागे आमच्या बचत गटाची बैठक चहापाशी आली आणि चहाच अडला. काचेच्या शेगडीचं बटण फिरवलं, खट् खट् झालं, पण जाळ लागेना. घरातली सूनबाई बटण उघडंच ठेवून पुन्हा पुन्हा दाबत राहिली. चौथ्या-पाचव्या खेपेला भप्पकन मोठा जाळ उठला. पुढचे केस जळले, तेवढ्यावर निभावलं. म्हणून आज हाच विषय घेतलाय.

ठिणगी पडली नाही तरी गॅस येतच असतो. तो हवेपेक्षा जड, वर उडून जात नाही, खाली जमिनीलगत साचतो. म्हणून तीन-चार सेकंदांत पेटलं नाही की बटण बंद. दार-खिडकी उघडा, पाच मिनिटं थांबा, मगच पुन्हा पेटवा. वास जातच नसेल तर रेग्युलेटर बंद करा, विजेच्या बटणाला हात लावू नका, बाहेर या आणि बाहेरूनच 1906 ला फोन करा. तो नंबर रात्रीही चालतो.

आता दुरुस्ती. आधी एक बर्नर पेटता ठेवून रेग्युलेटर बंद करा, म्हणजे नळीतला गॅस जळून जाईल. मग सगळी बटणं बंद करून शेगडी गार होऊ द्या. गरम बर्नरला हात लावायची घाई नको.

बर्नरच्या शेजारी पांढऱ्या चिनी मातीची एक छोटी कांडी दिसेल. तिच्या टोकाला लोखंडी तार असते. ठिणगी त्या तारेवरून बर्नरवर उडी मारते. दूध ऊतू गेलं, वरणाचा फेस सांडला, की कांडीवर साय-तेलाचा थर बसतो आणि ठिणगी भलतीकडेच जाते. आम्ही पाहिलेल्या शेगड्यांत निम्मं दुखणं हेच होतं. जुना दात घासायचा ब्रश जरासा ओला करून कांडी आणि तार घासा, कोरड्या फडक्यानं पुसा, पुरती वाळू द्या. धुतल्या धुतल्या लावाल तर ओलीमुळे पुन्हा तेच रडगाणं. तार आणि बर्नर यांत ज्वारीच्या दाण्याएवढी फट हवी. कांडी तडकली असेल तर ती बदलावीच लागते.

मग गॅस बंदच ठेवून, खोलीत अंधार करून बटण फिरवून बघा. काही शेगड्यांना खाली सेल असतो. त्यांत साधारणपणे कुठलंही बटण दाबलं तरी सगळ्या बर्नरवर एकदम ठिणगी पडते. एकाच ठिकाणी पडत नसेल तर दोष त्या कांडीचा किंवा तिच्या वायरचा. कुठेच पडत नसेल तर आधी सेल बघा. आमच्या एका ताईंना मेकॅनिकनं आतला डबाच बदलायला सांगितला होता. बघतो तर सेल उलटा बसवलेला! बिनसेलच्या शेगडीत बटणातच खटका असतो, तो आतल्या खड्यावर आपटून ठिणगी काढतो. त्याचा आवाजच येत नसेल तर खटका गेला म्हणायचा.

ठिणगी दिसते पण जाळ लागत नाही, असंही होतं. तेव्हा बर्नरची टोपी तिरकी बसलीय का बघा. कांडीकडची भोकं बुजली असतील तर सुईनं मोकळी करा. काडी घालू नका, आत मोडून बसते. आणि हो, सिलेंडर संपत आलेला नाही ना, तेही बघून घ्या!

बटण सोडलं तरी टक् टक् थांबत नसेल, तर बटणाखाली पाणी गेलंय. सेल काढा, एक दिवस वाळू द्या.

बटणाखालची तोटी, आतली नळी, गॅस येतो ते बारीक छिद्र, यांना मात्र आपण हात लावायचा नाही. त्यासाठी गॅस एजन्सीचा माणूस बोलवा. तो येईपर्यंत लायटर वापरा. काडेपेटीच असेल तर आधी काडी ओढायची, बर्नरजवळ धरायची, मग बटण फिरवायचं. उलटं केलं म्हणजे काय होतं, ते सूनबाईंच्या केसांना विचारा.