मोटार 'टोचन' करताना : दोर ओढतो, थांबवत नाही

अहिल्यानगर, प्रतिनिधी - शिर्डी किंवा भंडारदऱ्याच्या वाटेवर मोटार बंद पडली, की मदतीला अनेकदा एखाद्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर धावून येतो. दोर बांधला जातो आणि मोटार जवळच्या गॅरेजकडे निघते. गॅरेजच्या भाषेत यालाच 'टोचन' म्हणतात. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जिल्ह्यातील रस्त्यांवर नित्याचेच असल्याने या कामात कोणाला फारसा धोका जाणवत नाही. मात्र ट्रॉली लोखंडी दांड्याने जोडलेली असते. दोर केवळ ओढतो. मागील वाहनाचा रेटा तो अडवू शकत नाही. मोटार थांबविण्याची जबाबदारी तिच्यात बसलेल्या चालकावरच येते.

ब्रेक लागतो, पण जड

बहुतेक मोटारींमध्ये ब्रेकला इंजिनच्या निर्वात दाबाचे साह्य मिळते. इंजिन बंद असताना एक-दोनदा पेडल दाबताच हे साह्य संपते आणि पेडल कमालीचे जड होते. पॉवर स्टिअरिंगचीही सामान्यतः हीच गत असते. म्हणूनच मोटारीत अनुभवी चालक असणे अगत्याचे आहे. किल्ली काढून घेतल्यास स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. त्यामुळे इग्निशन सुरू, गिअर न्यूट्रल आणि हातब्रेक मोकळा ठेवावा.

दोर कोठे बांधावा?

बंपर किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला दोर बांधू नये. अनेक मोटारींच्या हत्यारांच्या पिशवीत स्क्रूसारखा फिरवून बसविण्याचा हूक असतो. त्याची जागा बंपरवरील छोट्या झाकणामागे असते. पुढील चालकाने पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश निघावे. मागील चालकाने गरजेनुसार हलका ब्रेक लावून दोर ताणलेला ठेवावा. दोर सैल पडून एकदम ताणला गेला, तर तो तुटण्याची भीती असते.

ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारींबाबत विशेष दक्षता हवी. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल पुरेसे खेळत नाही आणि आतील भाग झिजून मोठे नुकसान होऊ शकते. अशा मोटारी, तसेच चारही चाकांना गती असलेल्या आणि विजेवरील मोटारी सपाट पाट्याच्या वाहनावरूनच नेणे श्रेयस्कर.

नियम काय सांगतात?

1989 च्या रस्ता-नियमावलीने याबाबत स्पष्ट दंडक घालून दिले होते. दोन वाहनांतील अंतर 5 मीटरपेक्षा जास्त नसावे, दोर इतरांना सहज दिसावा, ओढल्या जाणाऱ्या वाहनात परवानाधारक चालक असावा, मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर किमान 75 मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत 'ऑन टो' असे लिहावे आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत ठेवावा, असे त्यात नमूद होते. 2017 मध्ये या नियमावलीची जागा नव्या विनियमांनी घेतली. तरी सुरक्षिततेच्या दृष्टीने ही पथ्ये आजही उपयुक्त ठरतात. दोराच्या मध्यावर लाल कापड बांधणे हा त्यातलाच साधा उपाय.

अमेरिकेत पर्यटक मोटरहोममागे छोटी मोटार चारही चाकांवर ओढत नेतात. तेथे या कामी दोर चालत नाही. मोटारीच्या सांगाड्याला पक्की बसविलेली पट्टी, त्रिकोणी लोखंडी दांडा, सुरक्षा साखळ्या, मागील दिव्यांसाठी स्वतंत्र वायर आणि ओढल्या जाणाऱ्या मोटारीचा ब्रेक आपोआप लावणारे उपकरण, असा सरंजाम त्यासाठी करावा लागतो. आपल्याकडे 1989 च्या नियमावलीत ट्रेलर व साइडकार वगळता मुख्यतः नादुरुस्त वा अर्धवट जोडणी झालेली वाहनेच ओढण्यास मुभा होती.

संगमनेरजवळच्या चंदनापुरी घाटासारख्या उतारावर तर दोराने टोचन टाळावेच. जड झालेल्या ब्रेकवर उतारात मोटार आवरली नाही, तर ती थेट पुढील वाहनावर आदळते. राष्ट्रीय महामार्गावर 1033 या क्रमांकावर मदत मागता येते. क्रेन येईपर्यंत मोटार रस्त्याच्या कडेला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत आणि प्रवाशांनी वाहतुकीपासून दूर थांबावे.